घराण्यातला तोल जाण्याचा आजार (एससीए-२) : सुरुवातीची लक्षणं कशी ओळखायची?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

माझ्या सासरी एक आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. गावात सरळ म्हणतात, "त्या घरातली माणसं चाळिशी आली की झोकांड्या खातात." आजेसासरे भिंत धरून चालायचे. सासरे चाळिशीत अडखळायला लागले, पन्नाशीत हातात काठी आली, मग बोलणं कळेनासं झालं आणि शेवटची काही वर्षं अंथरुणात गेली. थोरल्या चुलत सासऱ्यांचं तेच. आत्येसासूबाईंना उतारवयात सुरू झालं आणि बऱ्यापैकी सौम्य राहिलं.

सासरे कारखान्यात टाइमकीपर होते. कामावर पिऊन येतात म्हणून त्यांना मेमो मिळाला होता. माणूस माळकरी, वारी न चुकवणारा! तो कागद सासूबाईंनी अजून ट्रंकेत ठेवलाय.

गेल्या वर्षी चुलत दिरांची जनुकीय चाचणी झाली तेव्हा आजाराला पहिल्यांदा नाव मिळालं : स्पायनोसेरेबेलर अ‍ॅटॅक्सिया टाइप २, म्हणजे एससीए-२. आता प्रश्न माझ्या नवऱ्याचा. वय ३६. चालतात व्यवस्थित, मोटरसायकल चालवतात. पण रात्री पोटऱ्यांत असे वांब येतात की ओरडत उठतात. आणि पेपर वाचताना "पुढची ओळ सापडत नाही" म्हणतात. चष्मा बदलून झाला, फरक नाही. नेत्रतज्ज्ञ म्हणाले डोळे उत्तम आहेत.

विचारायचं हे की अगदी सुरुवातीला काय दिसतं? चाचणी कधी करावी? आणि मुलांचं (९ आणि ५ वर्षं) काय? नेटवर वाचून डोकं भणभणलंय.

डगमग

ताई, मला स्वतःला एससीए-२ आहे. वय ४७. आयडीवरून कळलंच असेल.

डॉक्टरांकडे गेलं की "कधीपासून" विचारतात आणि आपण चालायचा त्रास सुरू झाला ते वर्ष सांगतो. पण खरं तर ते आधी सुरू झालेलं असतं. माझ्या बाबतीत जे घडलं ते सांगतो, तुमच्याकडे तस्संच असेल असं नाही.

वांब सर्वांत आधी. पोटऱ्या, तळपाय, कधी पोटाचे स्नायूसुद्धा. मीठ-लिंबूपाणी, केळी, सगळं झालं. मग शेताच्या बांधावरून चालताना पाय बाहेर पडायला लागला. सपाट रस्त्यावर काही नाही, फक्त बांधावर. मग जिना. चढताना नाही, उतरताना. आंघोळीला डोक्यावर पाणी घेतलं, डोळे मिटले की अंग एका बाजूला जायचं, म्हणून एक हात नळावर ठेवायची सवय लागली. ही सवय का लागली याचा विचार मी कधी केलाच नाही.

नंतर सही. बँकेने चेक परत पाठवला, सही जुळत नाही म्हणून. मी वाद घातला. क्लार्कने दहा वर्षांपूर्वीची सही स्क्रीनवर दाखवली. जुनी बारीक आणि तिरकी, नवी मोठी, फाकलेली, 'क'चा कान पार दुसऱ्या अक्षरावर गेलेला. घरी येऊन जुन्या वह्या काढल्या तर अक्षर चार-पाच वर्षांपासून मोठं होत गेलेलं.

बोलणं सर्वांत शेवटी बिघडलं, पण त्रास त्याचाच जास्त. फोनवर अनोळखी माणूस पहिल्या वाक्यात ठरवतो की गडी टाईट आहे. तुमच्या सासऱ्यांच्या मेमोचं वाचून म्हणूनच आतून कळलं.

सायनॅप्स

मी न्यूरॉलॉजीत एमडीनंतरचं शिक्षण घेतोय, मुंबईत. इथे निदान करत नाही, करूही नये, पण कोयनाकाठ यांनी लिहिलेल्या दोन गोष्टी, वांब आणि वाचताना ओळ न सापडणं, या आजारात फार बोलक्या आहेत.

अ‍ॅटॅक्सिया (तोल आणि हालचालींचा ताळमेळ बिघडणं) म्हटलं की सगळे पायांकडे बघतात. एससीए-२ मध्ये डोळ्यांकडे बघावं. आपण एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर नजर टाकतो तेव्हा बुबुळं झटक्यात उडी मारतात. ही उडी इतकी जलद असते की समोरच्याला बुबुळाचा मधला प्रवास दिसत नाही. एससीए-२ मध्ये ती संथ होते, कधी कधी चालणं बिघडण्याच्याही आधी. दृष्टी स्वच्छ असते, नंबर लागत नाही, पण नजर वेळेवर पोचत नाही. म्हणून ओळीच्या शेवटाहून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येताना गोंधळ होतो, आणि रस्ता ओलांडताना माणूस नजरेऐवजी अख्खी मान वळवतो. नजर हलवण्याआधी पापणी मिटण्याची लकबही दिसते.

घरी बघायचं असेल तर माणसाला समोर बसवा. तुमच्या दोन्ही हातांची एकेक तर्जनी त्याच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, डावीकडे आणि उजवीकडे धरा. मान न हलवता "हे बोट, ते बोट" असं बघायला सांगा. बुबुळ एका बाजूहून दुसरीकडे सरकताना तुम्हाला स्पष्ट दिसलं तर न्यूरॉलॉजिस्टना ते आवर्जून सांगा. मात्र एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. थकवा, झोपेची औषधं आणि इतर काही मेंदूविकारांतही हे होतं.

थोडं अवांतर, पण मला याचा अभिमान वाटतो. ही डोळ्यांची खूण जगाच्या नजरेस आणून दिली ती आपल्या मुंबईतून. डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. स्वामी यांनी १९७१ साली 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ भारतीय घराण्यांबद्दल लिहिलं : वंशागत अ‍ॅटॅक्सिया आणि सोबत संथ झालेली नजर. तेव्हा जनुक वगैरे काही माहीत नव्हतं, होती ती हातोडी, टॉर्च आणि घराण्याची वंशावळ. जनुक सापडलं १९९६ मध्ये. १९९८ मध्ये वाडियांच्या गटाने सहा भारतीय घराण्यांत हाच एससीए-२ असल्याचं जनुकीय चाचणीसह मांडलं.

तपासताना आम्हाला आणखी काय दिसतं : हातोडीने मारल्यावर येणारे झटके कमी किंवा गायब, विशेषतः हातांतले (एससीए-१ मध्ये सहसा ते उलट वाढलेले असतात); पायाच्या बोटावर टेकवलेल्या ट्यूनिंग फोर्कचं कंपन कमी जाणवणं; हातांची किंवा मानेची थरथर. काहींना अ‍ॅटॅक्सियापेक्षा पार्किन्सनसारखा ताठरपणा जास्त असतो, त्यांचं निदान हमखास चुकतं. एमआरआयवर लहान मेंदू आणि मेंदूच्या देठातला पॉन्स हा भाग आक्रसलेला दिसतो. सुरुवातीला मात्र एमआरआय जवळजवळ नॉर्मल असू शकतो. "एमआरआय क्लिअर आहे, मनाचे खेळ आहेत" असं ऐकून परत आलेले लोक ओपीडीत कायम भेटतात.

हिंगाष्टक

सगळ्याला जनुक जनुक करू नका. माझ्या मामांचा असाच तोल जायचा, बी-१२ची इंजेक्शनं घेतली, आज टणटणीत आहेत. पायाला तिळाचं तेल चोळा, रात्री दूध-हळद. आमच्याकडे एक वैद्य आहेत, व्यनि (खासगी निरोप) करा, पत्ता देतो.

सायनॅप्स

हिंगाष्टक, बी-१२चा मुद्दा अगदी बरोबर आहे आणि प्रत्येकाने तो तपासावाच. तोल जाण्याची बरी होणारी कारणं आधी शोधायची असतात : बी-१२, थायरॉइड, ई जीवनसत्त्वाची कमतरता (याचा एक वंशागत प्रकार आहे आणि तो चक्क ई जीवनसत्त्वाने आटोक्यात राहतो), दारू, आणि फिट्ससाठी वर्षानुवर्षं चालू असलेलं फेनिटॉइन. शेवटचं आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे.

पण तीन पिढ्यांत, बायका-पुरुष दोघांत, बापाकडून मुलाकडे आणि त्याच कुटुंबात चाचणी पॉझिटिव्ह, असं असताना तेल चोळून काही होणार नाही. चोळा, हरकत नाही, वांबांना बरं वाटतं. औषधी भस्मं मात्र विचारल्याशिवाय नको.

सह्याद्रीवारा

वाचनखूण साठवली. एक शंका : आमच्या भाचीला (१२ वर्षं) तोल जातो, पायाची कमान फार उंच आहे, पाठीला बाक येतोय. आईवडील दोघेही ठणठणीत. हाच का?

सायनॅप्स

वर्णनावरून वेगळी शक्यता आधी मनात येते, फ्रीडरिकचा अ‍ॅटॅक्सिया. तो सहसा लहान वयात सुरू होतो. आईवडील दोघेही निरोगी वाहक असतात, त्यामुळे वंशावळीत मागे कुणी रुग्ण नसतो. त्यात हृदयाचे स्नायू जाड होतात आणि काहींना मधुमेह होतो, म्हणून इको आणि साखर तपासणं टाळू नका. १६ वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी ओमाव्हेलॉक्सोलोन हे औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालंय. तुम्ही वेगळा धागा काढा, इथे दोन्हींची खिचडी होईल. पण बालमेंदूविकार तज्ज्ञांकडे लवकर न्या.

निंबोणी

आमच्या मावसभावाचा अनुभव लिहिते, कुणाचे पैसे वाचतील. त्याच्याकडे घराण्यात असाच त्रास. एका ठिकाणी "सगळी जनुकं एकदम बघू" म्हणून एक्झोम चाचणी केली, रग्गड पैसे गेले, रिपोर्ट निगेटिव्ह. सगळे निवांत. दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी वेगळी चाचणी करायला लावली आणि एससीए-२ निघाला. असं कसं होतं?

जनुकवाट

मी जनुकीय समुपदेशक आहे. हे अनेकांच्या बाबतीत होतं, म्हणून नीट लिहिते.

बाराव्या गुणसूत्रावर एटीएक्सएन-२ नावाचं जनुक आहे. त्यात सी-ए-जी ही डीएनएची तीन अक्षरं ओळीने पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक लोकांत ही आवर्तनं २२च्या आसपास असतात. ३३ किंवा त्याहून जास्त झाली की आजार संभवतो, बहुतेक रुग्णांत ती चाळिशीच्या आगेमागे असतात. एक्झोम चाचणी डीएनएचे छोटे तुकडे वाचते. अक्षर बदललं असेल तर तिला कळतं, पण एकच शब्द किती वेळा लागोपाठ आलाय हे तिला भरवशाने मोजता येत नाही. त्यासाठी त्या जागेची लांबी मोजणारी पीसीआर चाचणी लागते. लॅबला "एससीए पॅनेल, सीएजी आवर्तनांसाठी" असं स्पष्ट विचारायचं. घरात एकाचं निदान झालंय म्हटल्यावर तर फक्त एटीएक्सएन-२ बघितलं तरी पुरतं, खर्चही कमी.

आकडा जितका मोठा तितकी सुरुवात सहसा लवकर. पण ४० आकडा म्हणजे अमुक वर्षी सुरू होणार, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. एकाच आकड्याच्या दोन भावांत दहा-दहा वर्षांचा फरक दिसतो. आणखी एक : पुढच्या पिढीत जाताना आकडा वाढू शकतो, विशेषतः वडिलांकडून येताना. म्हणून मुलात लक्षणं बापाच्या आधीच्या वयात दिसू शकतात.

वाट्याचं गणित : आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. प्रत्येकाला, स्वतंत्रपणे. "थोरल्याला झालाय म्हणजे धाकटा सुटला" असं होत नाही. जो सुटला त्याच्या मुलाबाळांना मात्र हा आजार पुढे जात नाही.

कोयनाकाठ, तुमच्या मुलांबद्दल : लक्षणं नसलेल्या अल्पवयीन मुलांची चाचणी करत नाहीत. उपचाराने आजार टाळता येत असता तर गोष्ट वेगळी. आज तसं नाही, त्यामुळे जाणून घ्यायचं की नाही हा हक्क त्यांचा, १८ वर्षं झाल्यावर. आजी-आजोबा कितीही मागे लागले तरी.

नवऱ्याबद्दल : ओरडत उठण्याइतके वांब आणि वाचायचा त्रास आहे म्हणजे लक्षणं "नाहीत" असं म्हणता येत नाही. आधी न्यूरॉलॉजिस्टनी तपासावं. त्यांना खुणा सापडल्या तर चाचणी निदानासाठी होईल. नाही सापडल्या तर ती भाकीत चाचणी ठरते, म्हणजे पुढे आजार होण्याची शक्यता आधीच सांगणारी. तिच्याआधी निदान एकदा समुपदेशन, विमा वगैरे गोष्टी मार्गी लावणं आणि मुख्य म्हणजे त्यांची स्वतःची इच्छा. तुमची नाही, त्यांची.

पेठेतला_बाबू

आणि लग्नाचं काय हो? घरात उपवर मुलगी असेल तर हे सगळं जगजाहीर करायचं? स्थळं येणं बंद होईल. आमच्या ओळखीत एका घराने चाचणीचा कागद जाळून टाकला.

निंबोणी

कागद जाळून सीएजी जळतात का?

डगमग

बाबू, चिडत नाही, कारण माझ्याही घरात हाच विचार होता. माझ्या आईला लग्नाआधी सांगितलं नव्हतं. तिने वीस वर्षं बाबांचं केलं, आता माझं करतेय, वय ७२. तिने एकदाच विचारलं होतं, "मला माहीत असतं तर मी नाही म्हटलं असतं असं तुम्ही कसं धरलंत?" यावर बाबांकडे उत्तर नव्हतं.

जनुकवाट

एवढंच जोडते की माहीत असेल तर पर्याय उघडे राहतात. गरोदरपणात गर्भाची तपासणी करता येते, किंवा आयव्हीएफमध्ये गर्भ रोपण्याआधीच. करायची की नाही हा त्या जोडप्याचा प्रश्न.

फिजिओताई

उशिरा आले धाग्यावर. औषधाबद्दल कुणी लिहिण्याआधी व्यायामाबद्दल लिहिते.

आम्ही अ‍ॅटॅक्सिया मोजायला 'सारा' नावाची मोजपट्टी वापरतो. चालणं, उभं राहणं, बसणं, बोलणं, आणि हातापायांच्या चार चाचण्या, एकूण ४० गुण, जितके जास्त तितका त्रास जास्त. सहा महिन्यांनी एकदा करून ठेवली की "वाढलंय का" या प्रश्नाला अंदाजाऐवजी आकडा मिळतो.

त्यातल्या दोन गोष्टी घरीही कळतात. एकाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत सरळ रेषेत चालणं (कुणीतरी शेजारी उभं राहा!). आणि मांडीवर तळहात उलटसुलट भराभर आपटणं. सुरुवातीच्या माणसाचा ताल चुकतो. तो ऐकूसुद्धा येतो.

तोल आणि समन्वयाचे व्यायाम नियमित केले तर 'सारा'चा गुण सुधारतो हे अभ्यासांतून दिसलंय. क्युबातल्या ओल्गिन प्रांतात एससीए-२चं प्रमाण जगात सर्वांत जास्त आहे आणि तिथल्या केंद्रात रुग्णांकडून जवळजवळ नोकरीसारखे व्यायाम करून घेतात. आपल्याकडे लोक दहा दिवस येतात आणि "फरक नाही" म्हणून बंद करतात. फरक टिकवायचा तर बंद करायचं नसतं.

गिळण्याकडे लक्ष द्या. घास जातो आणि पाण्याचा ठसका लागतो, असं आधी होतं. पाणी पिताना हनुवटी छातीकडे, मान वर करून तांब्याने वरून पिणं बंद, जेवताना बोलणं आणि टीव्ही बंद. ठसका वारंवार लागत असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल तर स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी. पुढे जाऊन माणसाला धोका असतो तो पडण्याचा आणि अन्न श्वासनलिकेत जाऊन होणाऱ्या न्यूमोनियाचा.

हिंगाष्टक

मग औषध काहीच नाही?

सायनॅप्स

आजार थांबवणारं आज नाही. रिल्युझोल या गोळीचं थोडं नाव झालं होतं. २०१५ मध्ये इटलीत वेगवेगळ्या वंशागत अ‍ॅटॅक्सियांच्या रुग्णांना एकत्र घेऊन केलेल्या अभ्यासात फायदा दिसला, पण २०२२ मध्ये फ्रान्समध्ये फक्त एससीए-२च्या रुग्णांवर वर्षभर बघितलं तर फायदा नाही. कुणी "नवीन गोळी" म्हणून लिहून दिली तर हे विचारा. स्टेम सेलच्या जाहिरातींपासून लांब राहा, लाखभर रुपये जातात आणि हाती फोटो येतो.

लक्षणांवर मात्र बरंच करता येतं. वांबांना औषधं आहेत, ताठरपणा असेल त्याला लेव्होडोपाचा (पार्किन्सनच्या औषधाचा) उपयोग होतो, झोप आणि उदासी यांवर उपचार होतात. दारू पूर्ण बंद, ती थेट लहान मेंदूवर काम करते. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नका.

डॉक्टरांकडे जाताना मोबाइलवर व्हिडिओ घेऊन जा : चालताना समोरून आणि मागून, गर्रकन वळताना, बोलताना, आणि ते दोन बोटांचं. चेहऱ्यावर उजेड हवा, म्हणजे बुबुळं दिसतील. सोबत वंशावळ, कोणाला कोणत्या वयात सुरू झालं ते लिहून. दहा मिनिटांच्या ओपीडीत तुमची ही दोन पानं कुठल्याही फाइलपेक्षा जास्त कामाची.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेकाला वेगळं लिहीत नाही.

काल रात्री बोटांचं करून बघितलं. आधी धाकट्या दिरांवर, मग यांच्यावर. दिरांची बुबुळं टपकन इकडून तिकडे गेली. यांची मला जाताना दिसली. यांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं आणि म्हणाले, "बाबांचे पण असेच फिरायचे, लहानपणी मला वाटायचं ते विचार करतायत."

पुढच्या आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतलीय. चुलत दिरांचा रिपोर्ट, वंशावळ, व्हिडिओ तयार आहे. चाचणीचं ते स्वतः ठरवणार आहेत. मुलांची नाही करायची, यावर सासूबाईसुद्धा तयार झाल्या, जनुकवाट यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला.

डगमग दादा, एक विचारायचं राहिलं. घराचं काम काढलंय. जिन्याचा कठडा एका बाजूला आहे, दुसऱ्या बाजूला भिंत. भिंतीला पण लावून घेऊ का आत्ताच?

डगमग

घ्या लावून. गोल पाइप, मुठीत मावेल असा, चौकोनी नको. शेवटच्या पायरीच्या पुढे हातभर जाऊ द्या, पडतो आपण तिथेच. आणि बाथरूममध्ये नळाला धरायची वेळ येऊ देऊ नका, भिंतीत पक्का दांडा बसवा. प्लंबर "टॉवेल रॉड चालेल" म्हणेल. तो नाही चालत, माझ्या हातात आला होता.